सिमेंटचा खडक आणि त्यावर घराचं नाव : अक्षरं ओल्यात कोरावीत की वाळल्यावर?

माळरान
नमस्कार मंडळी. वाईजवळ आमच्या शेतावर छोटं घर बांधून झालं. फाटकाशी एक मोठा खडक असावा आणि त्यावर 'आजोळ' हे नाव कोरलेलं असावं, अशी आईची फार इच्छा आहे. खडक सिमेंटचा करायचं ठरवलंय. साधारण ४ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. सळ्यांचा सांगाडा, वर कोंबडी जाळी आणि त्यावर सिमेंट-वाळूच्या मालाचे दोन थर, इथपर्यंत माझा अभ्यास झालाय. गावातले एक अनुभवी गवंडी मदतीला यायला तयार आहेत.

घोडं अडलंय ते अक्षरांपाशी. माल ओला असतानाच अक्षरं कोरावीत की पूर्ण वाळल्यावर छिन्नीने किंवा ग्राइंडरने? गवंडीकाका म्हणतात ओल्यात, माझा मेहुणा म्हणतो वाळल्यावर. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

सह्यभटक्या
वाईला राहून सिमेंटचा दगड? अहो, पाऊल टाकाल तिथे काळा पाषाण आहे. एखाद्या पाथरवटाला गाठा, शेतातलाच एखादा धोंडा दाखवा, चार दिवसांत नाव कोरून देईल. तुमचंही काम होईल आणि त्यालाही चार पैसे मिळतील. खोट्या दगडाचा आग्रह कशाला, ते मला मनापासून कळलेलं नाही.

माळरान
@सह्यभटक्या, रास्त प्रश्न आहे. फाटकाच्या बरोबर खालून ओढ्याचं पाणी नेणारा पाइप गेलाय, तिथे अवजड काही ठेवता येत नाही. शिवाय आमची वाट अरुंद आहे, क्रेन आत येत नाही. आणि हे काम स्वतःच्या हाताने करायची हौस आहे, तेही खरंच.

थापी_रंधा
वजनाचा मुद्दा अगदी बरोबर. तुमच्या मापाचा खडक लंबगोल धरला तर त्याचं घनफळ साधारण ०.३ घनमीटर भरतं. अस्सल बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, असेल तर साडेआठशे किलोच्या आसपास. भरीव काँक्रीट ओतलंत तर सातशे. पण ४० मिलिमीटर जाडीचं पोकळ कवच केलंत, खालून उघडं ठेवलंत, तर दीडशे ते पावणेदोनशे किलोत काम होतं. चार गडी बांबू लावून आरामात उचलतील.

सांगाड्याला ६ मिलिमीटरची सळी पुरे. आधी जमिनीला टेकणारी कडी करा, मग तिच्यावर कमानी, आणि प्रत्येक जोड बांधणीच्या तारेने आवळा. जाळी गॅल्व्हनाइज्डच घ्या, निदान दोन पदर, पदरांची भोकं एकमेकांवर येऊ देऊ नका. तारेची टोकं आत वळवा. बाहेर राहिलेलं एखादं टोक पुढे गंजाचा ओघळ सोडतं आणि तो खडकाच्या तोंडावर दिसत राहतो.

चिंचगूळ
चार गडी उचलतील म्हणजे रात्री चार चोरही उचलतील की! आजोळच चोरीला गेलं तर मामाने जायचं कुठे?

थापी_रंधा
@चिंचगूळ, हसलो, पण मुद्दा कामाचा आहे. कडीला खाली चार सळ्यांचे पाय सोडा आणि ते जमिनीत छोट्या खड्ड्यांत काँक्रीटने पक्के करा. पाइप टाळून, अर्थात.

जांभ्याचीवाट
आमच्याकडे कोकणात पागोळीचं पाणी साठवायला फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेल्या, टाक्या बांधतात, मी त्या कामावर बरीच वर्षं देखरेख केली आहे. तुमचा खडक म्हणजे तेच तंत्र, फक्त आकार वेडावाकडा. १ भाग सिमेंटला २ भाग वाळू, वजनाने. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ पट, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २० लिटर. गवंडी मंडळींना हा माल फार कोरडा वाटतो आणि ते हळूच एक मग पाणी वाढवतात. तिथे उभं राहून नाही म्हणा. जास्तीचं पाणी उडून जातं आणि बारीक पोकळ्या मागे ठेवतं, पुढच्या भेगा तिथूनच सुरू होतात.

पहिला थर जाळीत आतून-बाहेरून दाबून भरायचा. एकाने आतून फळी धरायची, दुसऱ्याने बाहेरून माल चेपायचा. जाळीच्या मागे पोकळ जागा राहिली की तिथे पाणी साचलंच समजा. पृष्ठभाग खरवडून खडबडीत ठेवा, दुसऱ्या दिवशी ओला करून दुसरा थर चढवा. मग गोणपाट गुंडाळून निदान १४ दिवस पाणी मारा. सात दिवसांत उरकू नका.

आर्या_नाशिक
इतकी मेहनत कशाला? थर्माकोलचा ठोकळा तासून आकार द्यायचा आणि वरून जाळी आणि माल. सांगाडा बांधायची कटकटच नाही. इव्हेंटवाले असंच करतात.

जांभ्याचीवाट
@आर्याताई, मांडवात दोन दिवस ठेवायला ठीक आहे. शेतावर मात्र मुंग्या थर्माकोलमध्ये घरं करतात, उंदीर कुरतडतात. आणि कवच बारीक राहिलं तर आतून कसलाच आधार उरत नाही. थर्माकोल वापरायचाच तर नुसता आकारासाठी वापरा, जोर सळई-जाळीलाच घेऊ द्या.

पेणकर
आकारापेक्षा कातडी महत्त्वाची. खडक लांबून आकाराने ओळखू येतो, पण जवळ गेल्यावर पृष्ठभाग बोलतो. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे करतात, तीच युक्ती इथे लावा. शेतातला चांगला झिजलेला दगड निवडा, धुऊन वाळवा. त्यावर लॅटेक्सचे हात द्या, मधे मलमलीच्या कापडाचा पदर घाला, पुन्हा हात. वाळल्यावर सोलून काढा. दुसरा थर ओला असताना ही रबरी कातडी दाबत जायची आणि प्रत्येक वेळी फिरवून लावायची. नाहीतर तोच खड्डा, तोच ओरखडा ओळीने उमटतो आणि नक्कल पकडली जाते. ज्या जागी नाव येणार तिथे मात्र ही कातडी लावू नका.

एल्बेकाठी
हॅम्बुर्गहून लिहितेय. आमच्या घरापासून हागेनबेक प्राणिसंग्रहालय जवळ आहे. ते १९०७ साली उघडलं, आणि पिंजऱ्यांच्या गजांऐवजी खंदक आणि बनावट कडे ही कल्पना तिथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उतरली. उर्स एगेनश्विलर नावाच्या स्विस शिल्पकाराने ते खडक घडवले. लेकीला घेऊन जाते तेव्हा मी प्राण्यांपेक्षा त्या कड्यांकडेच बघत बसते. थरांच्या रेषा एका कड्यावरून दुसऱ्यावर सलग जातात. त्या माणसाने डोंगर नीट पाहिला होता.

सह्यभटक्या, खोट्या दगडाचा आग्रह कशाला हा तुमचा प्रश्न मला पटतो, पण यामागेही शंभर-दीडशे वर्षांची कारागिरी आहे.

जुनीपानं
एल्बेकाठी, छान माहिती. त्यात थोडी भर. पॅरिसच्या व्हँसेन प्राणिसंग्रहालयातला मोठा खडक ६५ मीटर उंच आहे, १९३४चा, आणि तोही पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा. त्याच्याही आधी इंग्लंडात पुलम घराण्याने हा धंदाच केला. विटा-दगडांचा गाभा आणि वर सिमेंटचा लेप हाताने घडवून वालुकाश्मासारखा करायचा. त्या मालाला त्यांच्या नावावरून 'पुलमाइट' म्हणतात. लंडनच्या बॅटरसी पार्कात १८६०च्या दशकातलं त्यांचं काम आजही पाहायला मिळतं.

आणि फेरोसिमेंटचा पहिला मोठा प्रयोग कुठला, तर नाव, म्हणजे होडी! फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लाम्बो याने १८४८ साली तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी केली. माळरानांचा खडक पुरात गेला तर निदान उलटा होऊन तरंगेल.

चिंचगूळ
ओढ्याला पूर आला की मामा आजोळात बसून थेट कृष्णामाईला.

सह्यभटक्या
इतिहास आवडला. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. एका रिसॉर्टमध्ये असे खडक पाहिले होते. वरून चॉकलेटी ऑइलपेंट, त्याचे पोपडे सुटलेले, एका बाजूने भेग आणि आतली जाळी बाहेर. शेजारी खरा डोंगर उभा! बघवत नव्हतं.

दख्खनमाती
@सह्यभटक्या, मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते आणि तुमची चीड मला समजते. पण त्या रिसॉर्टचा दोष सिमेंटचा नाही. करणाऱ्याने आपल्या मुलखाचा दगड पाहिलाच नव्हता, दोष तिथे आहे.

वाईचा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. पाणी त्या चिरांतून शिरतं आणि ठोकळ्याचे कोपरे सगळ्यांत आधी झिजतात, कारण तिथे झीज तीन बाजूंनी होते. म्हणून आपला धोंडा गोलसर होतो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे जाऊन बघा, मधे घट्ट काळा गोळा आणि भोवती तपकिरी, हाताने चुरडता येतील असे पदर दिसतील. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, त्यांतल्या काहींत पांढरी झिओलाइट खनिजं भरलेली असतात.

तेव्हा माळरान, तुमच्या खडकाला वालुकाश्मासारखे आडवे पट्टे काढू नका. एका कडेला दोन-तीन पापुद्रे सुटल्यासारखे दाखवा, पदराची कड तीक्ष्ण ठेवा आणि पदराखाली थोडी सावली पडू द्या. बुडबुड्यांची भोकं सगळीकडे सारखी टोचू नका, एकाच पट्ट्यात दाट आणि बाकी विरळ. आणि खडक जमिनीवर ठेवल्यासारखा न दिसता जमिनीतून वर आल्यासारखा दिसायला हवा, म्हणून तळाचा चार-सहा इंच भाग मातीत जाऊ द्या.

माळरान
दख्खनमाती मॅडम, हे सोन्यासारखं सांगितलंत. उद्याच घाटातली ती कापणी बघून फोटो काढतो.

मूळ प्रश्नाकडे वळूया का? ओलं की सुकं?

थापी_रंधा
ओलं. माल चढवल्यावर उन्हाळ्यात दोन-तीन तासांत, थंडीत जरा उशिरा, एक वेळ अशी येते की बोट दाबलं तर रुतत नाही पण नखाने ओरखडा उठतो. त्या वेळात सुरी, चमचा, घासलेला खिळा, काहीही चालतं. कड स्वच्छ निघते, धूळ नाही, मशीन नाही.

करवतकाटा
साफ असहमत. ओल्यात कोरलेलं अक्षर केकवर लिहिल्यासारखं दिसतं. कड गोल होते आणि वाळूचा मोठा कण मधे आला की तो उपटून निघताना अक्षराचा तुकडाच घेऊन येतो. २८ दिवस जाऊ द्या, मग अक्षरं आखून बारीक डायमंड चकतीने कडा मारा आणि आतला भाग छिन्नीने काढा. दगडात कोरलेलं हवं ना? मग दगड झाल्यावर कोरा.

थापी_रंधा
चकती सरळ चालते, साहेब. 'आजोळ'मधला ळ चकतीने कसा मारणार? दोन गोल पोटं आहेत त्याला.

करवतकाटा
गोलाईला डाय ग्राइंडर आणि बारीक बर, म्हणजे त्याचं फिरतं टोक. होतं.

डॉ_निशिगंधा
कुणीही कसंही कोरा, पण कोरडं कोरणार असाल तर मास्कशिवाय हात लावू नका. वाळलेलं काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. खाणीत आणि दगडकामात राबणारे किती रुग्ण आम्ही पाहतो. कापडी रुमाल उपयोगाचा नाही. एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि कापताना पाण्याची धार. मात्र विजेचा ग्राइंडर आणि पाणी एकत्र आणताना अर्थिंगची खात्री आधी करा. ओल्या कामालाही रबरी हातमोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी जाळतं. गवंडीकाकांनाही मोजे द्या, नको म्हणाले तरी द्या.

लिपीवेडा
अक्षरांबद्दल दोन शब्द. संगणकावरचा नेहमीचा टंक छापून चिकटवू नका. त्यात जाड-बारीक रेषांचा फरक असतो आणि बारीक रेष मालात टिकत नाही. एकसारख्या जाडीचं अक्षर काढा, उंची निदान ५ इंच, रेषेची जाडी पाऊण इंच. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरती ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही आणि तिरप्या उन्हात एक भिंत उजळ, एक अंधारी होऊन नाव लांबून वाचता येतं.

'आजोळ'मध्ये सगळ्यांत नाजूक जागा ळच्या पोटांतली. पोट आणि शिरोरेषा यांच्या मधे उरलेलं जे बेट असतं ते अरुंद झालं की उडतं. म्हणून ळ जरा ऐसपैस काढा. शिरोरेषा शेवटी कोरा, आणि ती खडकाच्या उंचवट्याबरोबर किंचित वाकू द्या. पट्टी लावून सरळ मारलीत तर नाव खडकावर चिकटवल्यासारखं दिसेल.

अवांतर: आपल्याकडे दगडावर लिहिण्याची परंपरा काय थोर आहे! नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षं झाली तरी लेण्याच्या भिंतीवर आहे. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखावरचा शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हा काळ मान्य केला तर मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. कधी गेलात तर बोट न लावता जवळून बघा, अक्षरं किती उथळ आहेत आणि तरी कशी टिकली आहेत.

आर्या_नाशिक
रंगाचं काय? सह्यभटक्यांनी सांगितलेला ऑइलपेंट ऐकून पोटात गोळा आला.

जांभ्याचीवाट
रंग वरून फासायचा नाही, मुरवायचा. काळ्यासाठी आयर्न ऑक्साइडची पूड. काजळी वापरू नका, ती पावसाने धुऊन जाते. मालात मिसळायची तर सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, दहाच्या वर कधीच नाही. तपकिरी छटेसाठी हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून फवारायची. सिमेंटमधल्या चुन्याशी तिची क्रिया होऊन गंजाचा रंग धरतो, तो पोपडे होऊन सुटत नाही. आपल्या धोंड्यांचा तपकिरी रंगही लोहाच्या गंजण्याचाच, त्यामुळे छटा जुळते. आधी एका तुकड्यावर करून बघा, रंग वाळल्यावर गडद होतो.

शेवाळ हवं असेल तर शेणकाला किंवा ताक लावतात, पण घाई नको. ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, त्यावर काही उगवत नाही. एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या पावसात पांढरा लोणा फुटला तर घाबरू नका, आतला चुना बाहेर येतो. कोरड्या ब्रशने झाडत राहा.

टाकीचाघाव
धागा आजच वाचला. आमचं घराणं पाथरवटाचं, वडिलांनी आयुष्यभर पाटे, वरवंटे, जाती आणि मूर्ती घडवल्या. मी आता सिमेंटमध्येही शिल्पं करतो. सह्यभटक्यांनी पाथरवटाची आठवण काढली, बरं वाटलं.

ओलं की सुकं याचं उत्तर दगडातच आहे. माळरानदादा, वाईतल्या काशीविश्वेश्वराच्या देवळापुढचा नंदी बघा. झिलई केलेला, म्हणून काळाभोर. तोच दगड नुसता टाकीने, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीने, घडवला तर करडा दिसतो, कारण घावाखाली कण चुरडतात आणि उजेड विखुरतो. आणि उन्हापावसात पडलेला धोंडा वरून तपकिरी-काळा असतो, पण त्यावर टाकी मारली की आतून फिका राखाडी निघतो. दगडात कोरलेलं नाव वाचता येतं ते या रंगाच्या फरकाने. खाच खोल आहे एवढ्याने नाही. सिमेंटच्या खडकावरचं नाव खोटं वाटतं ते इथेच. अक्षर आणि अंग एकाच रंगाचं असतं, मग कुणीतरी खाचेत सोनेरी रंग भरतो.

म्हणून काम असं करा. दुसऱ्या थरात रंग मिसळूच नका, तो सिमेंटच्या करड्या रंगाचाच राहू द्या. नावाच्या जागी त्याची जाडी दीड इंच ठेवा, म्हणजे खाच जाळीपर्यंत पोचणार नाही. त्या पट्ट्यासाठी वाळू बारीक चाळणीने चाळून घ्या, करवतकाटा म्हणतात तो उपटणारा कण राहणार नाही. थापी_रंधा म्हणतात त्या वेळी, नखाचा ओरखडा उठताना, अक्षरं अर्ध्या खोलीपर्यंत कोरून ठेवा. ळची पोटं तेव्हाच काढा. मग १४ दिवस पाणी. महिनाभराने जांभ्याचीवाट म्हणतात तसा ऑक्साइड आणि हिराकसचा रंग सगळ्या अंगाला द्या, अक्षरांवरूनही जाऊ द्या. तो मुरला की बारीक टाकी आणि हलका हातोडा घेऊन फक्त अक्षरांच्या आत घाव घाला. रंगलेला पापुद्रा निघून करडं अंग उघडं पडेल आणि टाकीचे खरे घाव दिसतील. ग्राइंडरची गरजच नाही, धूळही थोडी. मास्क तरीही लावा, डॉक्टर ताई बरोबर सांगतायत.

टाकी कडेकडून मध्याकडे चालवा. मध्याकडून कडेकडे मारलीत तर कड उडेल.

करवतकाटा
मान गये, टाकीचाघाव! आधी रंग, मग घाव, हे डोक्यात आलंच नव्हतं. ग्राइंडर ठेवून देतो.

सह्यभटक्या
@टाकीचाघाव, तुमचं लिहिणं वाचून विरोध मागे घेतो. माळरान, एक अट: खडक झाला की बघायला बोलवायचं.

चिंचगूळ
पोकळ खडकाखाली साप-विंचू राहतील का हो? हा प्रश्न खराच विचारतेय.

थापी_रंधा
राहतील. कड मातीत गाडलेली असली की मोठी वाट बंद होते. पाणी बाहेर जायला तळाशी एक-दोन भोकं लागतीलच, त्यांना आतून बारीक जाळी लावा.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: दिवाळीनंतर हवा थंड झाली की सांगाडा बांधतो, कारण ऊन कमी असेल आणि कोरायला जास्त वेळ मिळेल. गवंडीकाकांना टाकीचाघाव यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, टाकी त्यांच्याकडे आहे, पण धार लावून आणावी लागेल. पेणकर, लॅटेक्सचे किती हात द्यावे लागतील आणि दोन हातांमधे किती वेळ सोडायचा?

पेणकर
पाच-सहा हात द्या. आधीचा हात बोटाला चिकटेनासा झाला की पुढचा. पहिला हात पातळच हवा आणि त्यात बुडबुडे राहू देऊ नका, ब्रशने टोचून फोडा. मलमल तिसऱ्या हातानंतर.